दिवा चालू होता

रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी कलमदादा आपल्याच टॅक्सीच्या मागच्या सीटवर जाऊन बसायचे. दार लावून घ्यायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि कुठंतरी निघाल्यासारखे समोर बघत राहायचे. मग काच खाली-वर करून बघायची, पट्टा ओढून बघायचा, सीट आणि पाठीमधल्या फटीत हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. पुढच्या सीटच्या पाठीवर दरपत्रक आणि त्यांच्या बिल्ल्याची प्रत लावलेली होती. ती बसल्या जागेवरून नीट वाचता येते का, तेही बघायचे. एकूण दोन मिनिटांचं काम. पण ते केल्याशिवाय त्यांनी एकतीस वर्षांत कधी किल्ली फिरवली नाही.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बायको विचारायची, "पाहुणे, पोचलात का?"

"पोचतोय," ते म्हणायचे, आणि उतरून पुढे जाऊन बसायचे.

स्टँडवर त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. इस्पितळाच्या फाटकाबाहेर अकरा टॅक्सींची रांग लागायची. त्या रांगेत काहीही तंटा झाला की हे शांतपणे वरच्या खिशातून एक मळकं पुस्तक काढून म्हणायचे, "कलम नऊ बघ." त्यावरून कलमदादा. पुस्तक वाहतूक खात्याने छापलेलं होतं, बेचाळीस पानांचं. पुढून उघडलं की प्रवाशांचे हक्क, मागून उघडलं की चालकांचे, आणि मधल्या चार पानांवर दोघांनी पाळायच्या गोष्टी. ती मधली पानं बोटांनी काळी पडली होती.

रांगेत त्यांच्या मागे बहुतेक वेळा भोंग्याची गाडी असायची. भोंग्याचा आवाज असा, की गाडीला हॉर्न नसता तरी त्याचं काही अडलं नसतं. "दादा," तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायचा, "घरी वहिनींशी वाजलं की कुठलं कलम लावता?"

"तिथं अपील नसतं," कलमदादा म्हणायचे.

त्यांच्या गाडीत बसणाऱ्याला ते तीनच गोष्टी विचारत. कुठं जायचं, अमुक रस्त्याने घेतो, चालेल का, आणि काच हवी तशी आहे ना. बाकी तोंडाला कुलूप. आरसा त्यांनी इतका वर उचलून ठेवला होता, की त्यात मागच्या गाड्या दिसायच्या, मागचा माणूस नाही. फार तर कपाळ. त्या सीटवर माणसं रडली होती, भांडली होती, कुणी उद्याच्या मुलाखतीची उत्तरं मोठ्याने घोकली होती. कलमदादांना त्यातलं काही माहीत नव्हतं, म्हणजे माहीत असून नव्हतं. "मागची सीट म्हणजे भाड्याने दिलेली खोली," ते नव्या चालकांना सांगायचे. "माणूस उतरेपर्यंत ती त्याची. भाडेकरूच्या खोलीत डोकावतं का कुणी?" आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एकच सांगणं. सीटवर काही राहिलं नाही ना, बघून घ्या.

म्हणून ते मऊ होते असं नाही. चौघांच्या गाडीत पाचवा घुसला की ते किल्ली काढून हातात घेऊन बसायचे. "अहो, ही माझ्या मांडीवर बसेल," असं कुणी म्हटलं तर, "मांडीवरचा पण माणूसच," एवढंच उत्तर. गाडी पळवा म्हणून मागून खांद्यावर थाप मारणाऱ्या एका बड्या माणसाला त्यांनी पुलाच्या अलीकडे, सुरक्षित जागा बघून, दार उघडून उतरवलं होतं. कलम एकवीस.

पण सगळ्या कलमांचा राजा म्हणजे दिवा. टॅक्सीच्या टपावरचा पिवळा दिवा पेटलेला असला की गाडी मोकळी आहे, आणि मोकळ्या गाडीने हात करणाऱ्यासाठी थांबलंच पाहिजे. तोंड बघून, कपडे बघून नाही म्हणायचं नाही. माणूस आत बसला, मीटर टाकलं, की दिवा आपोआप विझायचा. दोन्हीची तार एकच होती. दिवा चालू ठेवून भाडं नाकारलं, तर सहा महिने बिल्ला जमा. आणि साठीनंतर बिल्ला दर वर्षी नव्याने मिळायचा. ज्याच्या नावावर एकदा निलंबन लागलं, त्याला तो पुन्हा मिळत नसे. कलमदादा त्या वर्षी त्रेसष्ट वर्षांचे होते.

त्या मंगळवारी दुपारी पावणेचारच्या सुमाराला ते कापडबाजाराच्या चौकात सिग्नलला उभे होते. गाडी मोकळी, दिवा चालू. मागचं दार उघडलं आणि कुणीतरी आत आलं. आरशात कपाळ दिसलं नाही. कलमदादांनी मान वळवली. एक बाई सीटवर न बसता दोन सीटांमधल्या जागेत, पायपुसण्यावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हातात नुसती किल्ली.

त्यांचा हात सवयीने मीटरकडे गेला.

"नको," ती म्हणाली. "दिवा घालवू नका. तो भरलेल्या टॅक्सी थांबवून आत बघतोय. रिकाम्या सोडून देतोय."

तो कोण, हे कलमदादांनी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. चौकाच्या पलीकडे एक माणूस एका टॅक्सीच्या काचेशी वाकलेला दिसला. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर बारीक काड्यांचा चष्मा. आतल्या प्रवाशांना तो अगदी अदबीने काहीतरी म्हणाला, सरळ झाला आणि पुढच्या टॅक्सीकडे निघाला. घाई नव्हती, आवाज नव्हता. तेच कलमदादांना खटकलं.

हात मीटरवरून मागे आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

सिग्नल सुटला. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकल्या आणि पुन्हा अडकल्या. चष्मेवाला आता बाजूच्याच पदपथावर होता. त्याने रांगेवरून नजर फिरवली, टपावरचा पिवळा दिवा बघितला आणि हात वर केला. रिकामी गाडी आत बघण्यासाठी नको होती त्याला. पुढे शोधत जाण्यासाठी हवी होती.

तो पुढच्या दाराशी आला. कलमदादांनी पुढची काच चार बोटं खाली केली आणि जमेल तितके त्या बाजूला झुकले, मागचं दिसू नये म्हणून खांदा मध्ये घालून.

"जमणार नाही," ते म्हणाले.

"दिवा चालू आहे तुमचा."

"जमणार नाही."

"कारण सांगाल?"

बेचाळीस पानांमध्ये एकही कारण सापडेना. मागे, पायपुसण्यावर, किल्लीचा बारीकसा आवाज झाला. ज्या शब्दासाठी त्यांनी स्टँडवर किती जणांना झाडलं होतं, तोच तोंडातून बाहेर पडला. "मर्जी माझी!"

पुढची गाडी हलली. त्यांनी गाडी काढली. चष्मेवाला मागे राहिला. तो नंबर पुटपुटत होता, पाठ करत असल्यासारखा.

वाटेत तिने एवढंच सांगितलं, पाण्याच्या मोठ्या टाकीमागे छापखाना आहे, निळं फाटक. तिथं पोचल्यावर ती उठली तेव्हा दिसलं, तिच्या राखाडी शालीचं टोक दारात अडकून सगळा रस्ताभर बाहेर फडफडत आलं होतं. त्याला धुळीची काळी रेघ उमटली होती. ती भाडं विचारत होती.

"मीटर पडलं नाही, भाडं नाही. नियम आहे," कलमदादा म्हणाले. "सीटवर काही राहिलं नाही ना, बघून घ्या."

ती सीटवर बसलीच नव्हती. तरी तिने वळून नीट बघितलं. "नाही," म्हणाली. मग, "ते दार उघडेपर्यंत थांबाल?"

फाटकातलं लहान दार उघडलं. शाईचे डाग पडलेला ॲप्रन घातलेली एक थोराड बाई दारात होती. तिने काहीही विचारलं नाही. फक्त बाजूला झाली, आणि दार लागलं.

कलमदादांनी गाडी पुढे घेतली, कोपऱ्यावर थांबवली, आणि फेरी वही काढली. कुठून, कुठं, किती वाजता, हे प्रत्येक चालकाने प्रत्येक फेरीनंतर लिहायचं असतं. पानांवर खात्याचे आकडे आणि शिक्के. त्यांनी लिहिलं. तीन बेचाळीस, कापडबाजार चौक ते छापखाना, टाकीमागे. लिहून टोपण लावलं, आणि मगच ती ओळ पुन्हा वाचली. हाताने लिहिलं होतं. त्यांनी नाही.

नोटीस नवव्या दिवशी आली. दिवा चालू असताना भाडं नाकारल्याची तक्रार, सुनावणी पुढच्या बुधवारी, बिल्ला आणि फेरी वही घेऊन हजर राहावे. खाली एक ओळ होती. तक्रारदाराने त्या दिवसाची नोंद पाहण्याची मागणी केली आहे.

"चहा सांडा," भोंगा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात. "माझ्या वहीवर दर महिन्याला सांडतो. खात्याला वाटतं मी चहावरच जगतो."

"ओलं पान म्हणजे फाडलेलं पान. कलम तीस. बिल्ला कायमचा जाईल."

"मग खरं सांगून टाका. गाडीत भाडं होतं म्हणावं. मीटर न टाकल्याची समज देतील, सोडून देतील."

"आणि भाडं कुठं सोडलं, असं विचारलं तर?"

भोंगा गप्प झाला. भोंगा गप्प झालेला बघून पलीकडचा चालक गाडीतून उतरून काय झालं ते विचारायला आला.

घरी बायकोनेही तेच काढलं. "अहो, एका अनोळखी बाईसाठी हातातलं काम घालवणार?"

"सगळे अनोळखीच असतात. ओळखीचे कुठं टॅक्सीने येतात? त्यांना तू खिडकीतून हाक मारतेस."

"थट्टा करू नका. घरी बसून काय करणार तुम्ही? मला कलमं वाचून दाखवणार?"

घरी बसलेले कलमदादा कसे दिसतात, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सुनावणीच्या तीन दिवस आधी रांगेत त्यांचा पहिला नंबर होता. सकाळचे साडेदहा. मागचं दार उघडलं, हळू लागलं.

"नमस्कार," आवाज आला.

चेहरा बघायची गरज नव्हती. आरशात रुंद, स्वच्छ कपाळ होतं, आणि चष्म्याच्या काडीची वरची कड.

"कुठं जायचं?"

"त्या मंगळवारी तुम्ही गेलात तिथं." आवाज मऊ होता. "दिवा चालू आहे. या वेळी नाकारलंत तर दुसरी तक्रार होईल."

"नाकारत नाही. ठिकाण सांगा. ठिकाण न सांगणाऱ्याला नेण्याचं बंधन चालकावर नाही. कलम चौदा."

मागून हलकंसं हसू आलं. "बरं. कापडबाजार चौक. हे ठिकाण झालं ना?"

"झालं." कलमदादांनी मीटर टाकलं. दिवा विझला.

चौक आला. "आता सरळ," कपाळ म्हणालं. मग, "डावीकडे. रस्ता ठरवायचा हक्क प्रवाशाचा असतो, नाही का?"

कलम सहा. सगळ्या स्टँडला ते कलमदादांनीच शिकवलं होतं.

"दारात राखाडी शाल अडकली होती," मागून आवाज आला. "तुम्ही निघून गेल्यावर लक्षात आलं माझ्या. तिला बरं नसतं हो. औषध चुकलं की ती कुणाच्याही गाडीत बसते, काहीही सांगते. तुम्हाला काय सांगितलं तिने?"

कलमदादा रस्ता बघत होते. स्टिअरिंगवरचे हात आपलेच आहेत ना, असं त्यांना वाटलं. खरंच तिला बरं नसलं तर? त्यांनी काही विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं काहीच विचारलं नव्हतं, आणि त्याचा अभिमान बाळगला होता. आता तेच न विचारणं नडत होतं. मग त्यांना ते लहान दार आठवलं. आतल्या बाईने एक शब्दही विचारला नव्हता. ज्याची वाट बघत असतो, त्यालाच माणूस असा आत घेतो.

"उजवीकडे," कपाळ म्हणालं.

पाण्याची टाकी समोर आली.

आता त्यांना कळलं हा काय करतोय. तो रस्ता बघत नव्हता. त्यांचे हात बघत होता, पाय बघत होता. कुठं वेग कमी होतो, कुठं वाढतो, मान कुठं वळायची राहते. टाकीमागून निळं फाटक दिसू लागलं. लहान दार अर्धवट उघडं होतं. आणि फाटकाच्या बरोबर दहा पावलं अलीकडे, रस्त्यावर, गतिरोधक. वेग न मोडता गेलं तर गाडी उसळणार, आणि एकतीस वर्षांचा चालक गतिरोधकावर गाडी उसळवतो तेव्हा त्यालाही अर्थ येतो. हळू केली, तर तेही त्याला दिसणार.

त्यांनी गाडी हळू केली.

"इथं हळू का?"

"गतिरोधक आहे."

पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. फाटक खिडकीशी आलं. आतून यंत्राचा ठकठक आवाज येत होता. ॲप्रन घातलेलं कुणीतरी कागदाचे गठ्ठे उचलत होतं. कलमदादांनी मनातल्या मनात गिअर मोजला, वेग मोजला, श्वास मोजला. फाटक मागे गेलं. शंभर पावलांवर दुसरा गतिरोधक होता. तिथं त्यांनी गाडी तेवढीच हळू केली, जराही कमी-जास्त नाही.

"आरसा असा वर का केलाय?" बऱ्याच वेळाने मागून प्रश्न आला.

"मागच्या गाड्या दिसाव्यात म्हणून."

"मी दिसत नाही त्यात."

"तुम्ही दिसायची गरज नसते."

बस डेपोपाशी त्याने गाडी थांबवायला सांगितली. उतरण्याआधी पुढे झुकला. कलमदादांच्या मानेला त्याचा श्वास लागला. "तक्रार आत्ता मागे घेतो. नाव नको, पत्ता नको. फक्त बाजू सांगा. टाकीची, की पलीकडची?"

कलमदादांनी मीटर थांबवलं. दिवा पेटला.

"सीटवर काही राहिलं नाही ना," ते म्हणाले, "बघून घ्या."

तो गेल्यावर त्यांनी वही काढली आणि ही फेरीसुद्धा लिहिली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की त्यांनाच ओळखू येईना.

बुधवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर जाऊन बसले, आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. बायको. इतक्या वर्षांत या वेळेला ती कधी खाली आली नव्हती. त्यांच्या शेजारी बसली, पदर सावरला, समोर बघितलं.

"इथून असं दिसतं होय," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ती कुठं बसली होती?"

त्यांनी बोटाने पायपुसणं दाखवलं.

"एवढ्याशा जागेत?"

"हो."

ती पायांशी बघत राहिली. दोन मिनिटांच्या वर झाली. वरून कुणी हाक मारायला नव्हतं.

"उशीर होईल," ती शेवटी म्हणाली. "निघा."

वाहतूक खात्याच्या इमारतीत सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, त्यावर काच, काचेखाली जुन्या परवान्यांचे नमुने. भिंतीशी लोखंडी कपाट. टेबलामागे अधिकारी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात शिक्का. समोर दोन खुर्च्या. एकीवर तो आधीच येऊन बसला होता. कलमदादांसाठी त्याने खुर्ची मागे ओढून दिली.

बाईंनी तक्रार वाचून दाखवली. "मान्य आहे?"

"मान्य," कलमदादा म्हणाले.

बाईंनी मान वर केली. समोरचा माणूस आरोप मान्य करतोय, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातलं नसावं. "कारण?"

"कारण नाही."

"गाडीत कुणी होतं का, एवढंच मला विचारायचंय," चष्मेवाला अदबीने म्हणाला.

"दिवा चालू होता," कलमदादा बाईंकडे बघून म्हणाले. "दिवा चालू म्हणजे गाडी मोकळी. कलम तीन."

"दारात शाल होती."

कलमदादांनी नजर बाईंवरून हलवली नाही.

"वही," बाई म्हणाल्या.

त्यांनी वही दिली. बाईंनी पानं उलटली, तारीख शोधली आणि बोट ओळीवरून खाली नेलं. बोट एका जागी थांबलं. खोलीत पंखा बंद होता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टीं टीं ऐकू येत होती. बाईंनी ओळ वाचली. मग चष्म्यावरून तक्रारदाराकडे बघितलं.

"तुमची पत्नी हरवली आहे, असं खाली लिहिलंय तुम्ही. पोलिसांत कळवलंत?"

"घरातली गोष्ट चारचौघांत कशाला."

"हं."

"मला ते पान बघू द्या," तो म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली. टेबलाच्या काचेवर त्याचे दोन्ही हात आले. "तक्रारदाराचा हक्क आहे."

बाईंनी वही मिटली. बोट आत तसंच होतं.

"प्रवाशाला स्वतःच्या फेरीची नोंद बघता येते. तुम्ही त्या गाडीत बसलात का?"

"नाही. बसू दिलंच नाही, तीच तर तक्रार—"

"मग तुमची फेरी झाली नाही. दुसऱ्याची नोंद तुम्हाला बघता येत नाही."

"दुसऱ्याची?" त्याचा आवाज तेवढाच मऊ होता, पण बोटांची टोकं काचेवर पांढरी पडली. "म्हणजे होतं कुणीतरी."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण शिक्का धरलेला हात क्षणभर अधांतरी राहिला. एक शब्द जास्त गेला होता, आणि तो परत घ्यायची एकच वाट उरली होती. बाईंनी कलमदादांकडे बघितलं. विचारल्यासारखं. कलमदादांनी खिशावरचा बिल्ला सोडवायला सुरुवात केली. पिन जुनी होती, लवकर निघेना.

"त्या वेळेला एकही नोंद नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "गाडी मोकळी होती. चालकाने कारण नसताना भाडं नाकारलं, आणि ते त्याला मान्य आहे. सहा महिने निलंबन." शिक्का पडला. "वही खात्याकडे जमा."

त्या उठल्या, वही लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"मला त्यांना शिक्षा नको होती," चष्मेवाला म्हणाला.

"मग तक्रार कशाला केलीत?"

तो उठला. जाताना त्याने खुर्ची होती तिथं नीट सरकवून ठेवली.

बिल्ला टेबलावर पडला होता. बाईंनी त्याची पावती लिहिली. जन्मतारखेशी त्यांचं पेन थांबलं, त्यांनी मनात हिशेब केला असावा, आणि पुढे लिहीत गेल्या. पावती देताना म्हणाल्या, "मागच्या जिन्याने उतरा. पुढचा आज पुसलेला आहे." पुढचा जिना कोरडा ठणठणीत होता. कलमदादा मागच्या जिन्याने उतरले.

गाडी महिनाअखेरीला दुसऱ्याने घेतली. तोवर रोज सकाळी ते खाली जाऊन मागच्या सीटवर दोन मिनिटं बसत होते. गाडी गेल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसू लागले. बायको खिडकीतून तेच विचारायची, तेही तेच उत्तर द्यायचे. कलमं त्यांनी तिला वाचून दाखवली नाहीत. पुस्तक भोंग्याला देऊन टाकलं. टाकीच्या बाजूला ते पुन्हा कधी गेले नाहीत. पायीसुद्धा नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा भोंगाच गाडी घेऊन आला. स्टँडजवळच्या त्या इस्पितळातून ते परत आले नाहीत. पण त्या सकाळी ते स्वतःच्या पायांनी जिना उतरले, मागच्या सीटवर बसले, काच खाली-वर करून बघितली, फटीत हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. बायको शेजारी बसली. भोंगा गाडी चालवत होता. त्याने आरसा इतका वर केला होता की त्यात फक्त कपाळं दिसत होती.

वळणावर कलमदादा पुढे झुकले.

"मीटर टाकलंस का?"

"काय दादा, तुमच्याकडून भाडं घेऊ आता?"

"टाक आधी. दिवा चालू राहिलाय तुझा, कुणीतरी उगाच हात करत उभं राहील."